सूनबाईची सुट्टी, सासूबाईंची ड्यूटी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

वय 37. तालुक्याच्या गावी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकवतात, रोज एसटीनं जाणं-येणं. घरी नवरा, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. मुलं त्याच शाळेत. सात एकर वावर, त्यात कापूस आणि तूर, ओलिताखाली थोडा हरभरा. सासूबाई देवभोळ्या, दर गुरुवारी गजानन विजय ग्रंथाचा अध्याय वाचणाऱ्या. शाळेला नाताळची सुट्टी 24 डिसेंबर ते 1 जानेवारी. बरोबरच्या शिक्षिका चिखलदऱ्याला नाहीतर ताडोब्याला जातात. यांना कुठंच जायचं नाही, घरी बसून पुस्तकं वाचायची आहेत, सिनेमे पाहायचे आहेत. पण नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी. मागच्या वर्षी त्या दुपारी दार लोटून वाचत बसल्या, तर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सुनबाईले सुट्ट्या लागल्या, म्हंजे मले ड्युटी लागली." सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहायचा बेतही फसला. नवऱ्याला साउथचा मारधाडीचा डब सिनेमा हवा, मुलीला भलतंच काही, सासूबाईंना त्यांची मालिका. शेवटी जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. त्या विचारतात : "मी वेचणीला जाऊ की वाचत बसू? सगळे राबत असताना पुस्तक घेऊन बसणं स्वार्थीपणा आहे का? आणि घरच्यांना वाचनाची, चांगल्या सिनेमांची गोडी कशी लावू?"

ताई,

सासूबाईंचं ते वाक्य वर्षभर तुमच्या मनात रुतून बसलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ते पुन्हा एकदा शांतपणे वाचा. त्यात पुस्तकाचं नाव कुठं आहे? त्यात सुट्टी आहे आणि ड्यूटी आहे. एरवी सकाळी तुम्ही तिघं डबे घेऊन एसटी गाठता, मग दुपारपर्यंत त्या घरात एकट्या. सुट्टी लागली की दोन नातवंडं दिवसभर घरात, त्यांना दर दोन तासांनी काहीतरी खायला हवं. वेचणीच्या बाया आल्या की त्यांचा चहा, पाणी, संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभं राहणं. लेक रात्री पिकाच्या राखणीला, जागलीला गेलेला, तो सकाळी येऊन झोपणार, म्हणजे त्याचं ताट वेगळ्या वेळेला. आणि या सगळ्यात सूनबाई घरात असून दार लोटलेलं. त्यांची तक्रार चुलीपाशी होती, तुम्हाला ती पुस्तकांवरची वाटली. तुम्ही अख्खं सत्र एसटीत उभ्यानं काढता, तुम्हालाही टेकावंसं वाटणारच. त्यात गैर काही नाही. पण भांडण कशावरून आहे हेच चुकीचं धरलं, तर तोडगाही भलत्याच जागी शोधला जातो.

वाचणाऱ्या माणसाला घरात मान नाही असं तुमच्या पत्राचा सूर सांगतो. मला ते पटत नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच दिला आहे. सासूबाई गुरुवारी पोथी उघडतात तेव्हा टीव्हीचा आवाज कोण कमी करतं? पोरांना "आजी वाचून राहिली, गलका करू नका" असं कोण सांगतं? गजानन विजयचे 21 अध्याय. वर्षाकाठी पारायण करायची वेळ आली की घरातली सगळी कामं त्याभोवती फिरतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. पोथीला देवाचं वलय असतं हे खरं, पण तेवढंच कारण नाही. पोथी समोरच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत वाचली जाते. ती कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे घराला ठाऊक असतं. तुमचं वाचन दाराआड होतं आणि ते कधी संपेल याचा कुणालाच पत्ता नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं, दार उघडा. समोरच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसा आणि वेळ आधी सांगून ठेवा. 24 तारखेची वाट न पाहता, आधीच्या रविवारी निवांतपणे सासूबाईंशी बोला. आडवळणानं नको. "आई, सुट्टीभर सकाळचा सैपाक माह्याकडं, तुमी चुलीकडं पाहूच नका. दुपारी दोन ते चार मी वाचत बसीन, तवा तुमी पण जरा लवंडा." एवढं बोललात तर पुरे. यात तुम्ही काही मागण्याआधी काही देताय, आणि त्यांनाही दोन तास मिळताहेत. दिलेला शब्द मात्र पहिल्याच दिवशी मोडू नका. साडेचार वाजता "दोनच पानं राहिली" म्हणालात, तर पुढच्या दिवसांचं काही खरं नाही.

दुपारी दोन ते चार का, तर बाया तेव्हा वावरात असतात, पोरं जेवून सुस्तावलेली असतात आणि जागलीवरून आलेला माणूस झोपलेला असतो. तुमच्या घरचं वेळापत्रक वेगळं असेल तर तुम्ही ठरवा. तुमच्या नवऱ्याबद्दल पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे : ते जेवण झालं की तासभर मोबाइल पाहतात. त्यांना कुणी टोमणा मारला नाही! मोबाइल हातात असला की माणूस कामात आहे की रिकामा, हे समोरच्याला कळत नाही. पुस्तक हातात धरलेली बाई मात्र लांबून दिसते. कुठल्याही घरात दिसते, एकट्या तुमच्याच नाही. सकाळचा सैपाक तुमच्याकडे आला, तर पोरांच्या आंघोळी आणि वजनकाटा यातलं एक काम नवऱ्याकडे जायला हवं. हे सासूबाईंनी ठरवायचं नाही, तुम्ही दोघांनी ठरवायचं.

आता वेचणी. इथं तुम्ही 'वेचणी की वाचन' असा सरळ दुभाग केला आहे, आणि त्यामुळेच अडकलात. वेचणीचे पैसे किलोवर जातात. सरावाची बाई दिवसाला जेवढं वेचते त्याच्या निम्मंही तुमच्याच्यानं होईल का, हे तुम्हीच सांगा. तुम्ही नऊ दिवस कंबर मोडून वेचलं तरी घरच्या हिशेबात फार मोठा फरक पडणार नाही. पण डिसेंबरअखेर पहिला-दुसरा वेचा होऊन गेलेला असतो, पऱ्हाटीवर फुटलेली बोंडं विरळ, म्हणून किलोमागे काम करणाऱ्या बाया यायला कुरकुरतात. असे दोन-तीन दिवस येतात की चार हात कमी पडतात. ते दिवस कोणते, हे नवऱ्याला विचारा आणि तेवढ्या दिवशी जा. उरलेल्या दिवशी मनाला टोचणी लावून घेऊ नका. दहिवर सुकल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत, ओला कापूस भावात मार खातो. म्हणजे थंडीत काम तसं उशिराच सुरू होतं, सैपाक उरकून तुम्ही आरामात पोहोचाल.

एका बाबतीत मात्र मी वाचनाच्या बाजूनं उभी राहणार नाही. आभाळ भरून आलं, अवकाळीचा अंदाज आला, तर कादंबरी कितीही रंगात आलेली असो, पालथी ठेवा आणि वावरात चला. फुटलेला कापूस भिजला तर वर्षाची कमाई डोळ्यांदेखत काळी पडते. तेव्हा घरातली एक बाई वाचत बसलेली मलाही सहन होणार नाही.

वेचताना कान रिकामे असतात, हेही लक्षात ठेवा. मराठी कथा-कादंबऱ्या आता ऐकायला मिळतात. घरून निघताना फोनवर उतरवून घ्या, म्हणजे वावरात रेंज नसली तरी चालतं. आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र आहेच. एकाच कानाला लावा, दुसरा मोकळा असू द्या, कारण एक तर बायांच्या गप्पा ऐकायला हव्यात (त्या बहुतेक कथांपेक्षा सरस असतात) आणि दुसरं म्हणजे पऱ्हाटीत साप-किरडू असतं.

स्वार्थीपणाबद्दल विचारलंत, तर नाही. शाळेनं दिलेली सुट्टी आहे, तुमच्या कष्टाची आहे. उद्या कुणी म्हणेल की नाताळ आपला सण थोडाच, मग सुट्टी कसली मिरवता. जिल्हा परिषदेच्या शाळेला त्यावेळी 25 तारखेचीच सुट्टी असते, त्यामुळे गावात हे बोलणं होतंच. ऐकून सोडून द्या. मला वेगळंच खुपलं. तुम्ही लिहिता, "वाचल्यानं माझं शिकवणंही सुधारेल, मुलांवरही संस्कार होतील." ही कारणं कुणासाठी गोळा करताय? मजा येते म्हणून वाचते, असं म्हणायला आपल्याकडच्या बायांची जीभ रेटत नाही. पुरुष मजा म्हणून चौकात पत्ते कुटतो आणि त्याचं समर्थन करत बसत नाही. तुम्हीही करू नका.

पुस्तकं किती, यावरही थोडं. सुट्टीत दहा पुस्तकं संपवायचा तुमचा विचार आहे. दोन ठेवा, तिसरं जवळ असू द्या. दहाचा आकडा घेऊन बसलात तर पाचव्या दिवशी तुम्ही घरावर, पोरांवर आणि स्वतःवर चिडलेल्या असाल. दिवाळी अंक घेतले असतील तर ते बाहेर काढा. दिवाळीत सोयाबीन आणि कापूस एकदमच अंगावर आलेले असतात, त्यामुळे खेड्यातल्या घरात दिवाळी अंक खऱ्या अर्थानं डिसेंबरातच उघडतो. तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय असणार. 1967 च्या कायद्याखाली राज्यात गावोगाव अशी अनुदानित ग्रंथालयं उभी राहिली, 'अ' पासून 'ड' पर्यंत त्यांचे वर्ग असतात. 'ड' वर्गाचं असलं तरी दोन चांगली पुस्तकं नक्की सापडतात. वर्गणी आणि अनामत फारशी नसते. सुट्टी लागायच्या आधी, एसटीची वाट पाहण्याच्या वेळात हे काम उरकून घ्या, नंतर पुस्तकासाठी मुद्दाम तालुक्याला जाणं होत नाही.

ग्रंथालय नसलं तरी अडत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याच्या लेखनावरचे हक्क संपतात, सिनेमाचे प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी. म्हणजे जुनं पुष्कळ मराठी साहित्य तुम्ही मोबाइलवर उघडपणे, फुकट वाचू शकता, त्यात चोरी नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानंही आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. नाताळात वाचायला मी तुम्हाला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवीन. 1934 पासून ती भागाभागानं छापली गेली. नवरा रेव्हरंड टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. बाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. संसाराची ओढाताण, नागपूर-राजनांदगावकडचे दिवस, विक्षिप्त नवरा, आणि हे सगळं हसत हसत सांगणं. रडकं एक पान नाही. सासूबाईंना यातला एखादा प्रसंग वाचून दाखवलात, तर दुसऱ्या दिवशी त्याच विचारतील, "मंग पुढं काय झालं वं त्या बाईचं?"

गोडी कशी लावू, या तुमच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम उशिरा आले. लावू नका. नऊ दिवस शिक्षिका शाळेतच ठेवा. आठवीतल्या पोरीला तुम्ही पुस्तक हातात दिलं आणि नंतर "काय समजलं सांग" म्हणालात, तर ती सुट्टी तिच्यासाठी संपली. मुलं इंग्रजी शाळेत जातात, मराठी अडखळत वाचत असतील, त्यात लाजवण्यासारखं काही नाही. चौथीतल्या मुलासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. चित्रं पाहील, विनोद वाचील, कंटाळला तर पळेल. पळू द्या.

त्याऐवजी संध्याकाळी एक करून पाहा. या दिवसांत तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. मीठ घालून पातेलंभर उकडा, अंगणात शेकोटी पेटवा आणि सगळे शेंगा सोलत बसले की एक गोष्ट मोठ्यानं वाचा. वीस मिनिटांत संपणारी घ्या, त्याहून लांब नको. हात शेंगांत गुंतलेले असतात, मोबाइलला कुणी बोट लावू शकत नाही, बोटं मिठाच्या पाण्यानं ओली! कुणी मध्येच उठलं तर थांबू नका, हाकही मारू नका. ऐकणारी एकटी आजी उरली तरी वाचत राहा. पोथी ऐकायची सवय असलेल्या माणसाला वाचून दाखवलेलं ऐकणं नवं नसतं, सवय मोडली आहे ती आपल्या पिढीची. दोन दिवसांनी मुलीला वाचायला सांगा, ती अडखळली तर आजीला दुरुस्त करू द्या. तुम्ही गप्प.

सिनेमाचं गणित वेगळं आहे. सगळ्यांना आवडेल असा सिनेमा शोधायला गेलात आणि तिथंच फसलात, कारण तसा सिनेमा बहुतेक नसतोच. पाळी लावा. नऊ दिवसांत रोज नको, चार सिनेमे, प्रत्येकाच्या पसंतीचा एक, मुलाची आणि मुलीची पसंती मिळून एक. ज्याची पाळी त्याच्या निवडीवर कुणी नाक मुरडायचं नाही, पहिला अर्धा तास सगळ्यांनी बसायचं, मग ज्याला उठायचं त्यानं उठावं. नवऱ्याचा मारधाडीचा सिनेमाही मनापासून पाहा. 'चांगला सिनेमा' हा तुमचा शब्द त्यांना बोचत असावा असं मला वाटतं, कारण त्याचा अर्थ घरात असा होतो की, तुमचा तो चांगला आणि त्यांचा तो टाकाऊ. आणि सासूबाईंच्या मालिकेच्या वेळेला हात लावू नका. त्यांचा दिवसभरातला तेवढाच अर्धा तास असतो, तुमचे दोन तास आठवा.

त्यांच्या पाळीला काय लावायचं, हे सुचलं नाही तर प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम' लावा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेलेला, आणि हक्क संपलेले असल्यानं मोकळेपणानं पाहता येणारा. अभंग त्यांच्या ओळखीचे. पण त्यांना खरी आवडेल ती तुकोबांची बायको. नवरा अभंगात दंग, घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि ही बाई तोंडाचा पट्टा सोडते. सासूबाई ताबडतोब तिची बाजू घेतील. तेव्हा तुम्ही हसून त्यांच्याकडे एकदा पाहिलंत तरी मागच्या वर्षीचं ते वाक्य दोघींच्याही डोक्यातून थोडं सैल होईल.

व्यवहाराचं थोडं. खेड्यात लाइन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून सिनेमा आधीच फोनवर उतरवून ठेवा. रोजच्या पॅकमधला उरलेला डेटा रात्री बाराला वाया जातो, तेव्हा झोपायच्या आधी त्यातच डाउनलोड लावून द्या. चित्राचा दर्जा साधा ठेवला तर तासाला एक जीबीच्या आत भागतं, मोबाइलच्या पडद्यावर फरकही कळत नाही. नवरा जागलीला जाणार असेल त्या रात्री त्यांच्या पाळीचा सिनेमा ठेवू नका, रोही आणि रानडुकरं सिनेमा संपायची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी दुपारी चारनंतरचा खेळ ठेवा. आणि कापूस घरातच साठवला असेल तर पोरांना त्या ढिगावर लोळत सिनेमा पाहू देऊ नका. ऊब असते, मऊ असतो, पोरांना ओढ वाटते हे खरं, पण साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते आणि मग रात्रभर तुम्हीच खोबरेल चोळत बसाल. शेकोटीही त्या खोलीपासून लांब.

हे वाचणाऱ्या इतर कुणाला नऊ दिवस नसतील. बँकेतल्या, दवाखान्यातल्या, जिल्हा परिषद शाळेतल्या बायांना 25 तारखेचा एकच दिवस मिळतो, कुणाला तोही नाही. त्यांनी सगळं त्या एका दिवसात कोंबू नये. एक कथा किंवा एक सिनेमा, दोन्ही नकोत. पुण्या-नागपुराहून सुट्टीत गावी येणाऱ्या मुलामुलींना मात्र उलटं सांगीन : पहिला दिवस पुस्तक बॅगेतच ठेवा, आईच्या हाताखाली काम करा, दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचत बसलात तर घरच तुम्हाला चहा आणून देईल.

एवढं करूनही सासूबाई शेजारणीला काही बोलल्या, तर या वेळी ते मनात ठेवून वर्ष काढू नका. त्याच संध्याकाळी विचारा, "आई, कोणतं काम तुमच्यावर पडलं?" उत्तर आलं तर काम वाटून घ्या. उत्तर आलं नाही, नुसतीच मान हलली, तर तो निव्वळ टोमणा होता. टोमणा सासूचा असतोच, तो ऐकून पान उलटता येतं.

सहामाहीचे तपासायचे पेपर किंवा जानेवारीच्या स्नेहसंमेलनाचं काही काम शाळेनं घरी दिलं असेल, तर ते 24 आणि 25 लाच संपवा, शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. पुस्तक अर्धं राहिलं तर 2 तारखेला शाळेतून येताना ग्रंथालयात मुदत वाढवून घ्या. बहुतेक ठिकाणी ती सहज वाढवून देतात, फक्त पुस्तक सोबत न्यायला विसरू नका.